आता हात बघ : हिंदी सिनेमातली आपली माणसं

बाबांना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. हा धागा तेव्हापासून मनात होता, आज लिहायला बसले.

बाबा जुळारी होते. तेहतीस वर्षं एका छापखान्यात उभ्याने खिळे, म्हणजे छपाईचे सुटे अक्षरठसे, जुळवले. डाव्या हातात स्टिक (खिळे लावत जायची पट्टी), उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीवर. कुठलं अक्षर कुठल्या खणात आहे हे त्यांना बघावं लागायचं नाही, बोटं आपोआप तिथे जायची. खिळे न लागणारी ऑफसेट छपाई आली, छापखाना बंद झाला, पण बोटांची सवय काही सुटली नाही. जेवण झालं की आरामखुर्चीत बसायचे आणि मांडीवर बोटं चालत राहायची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि नेमका उजवा हात गेला.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक मऊ रबरी चेंडू दिला होता. दिवसातून तीनदा दाबायचा. बाबा कंटाळायचे, चिडायचे, चेंडू टाकून द्यायचे. मग मी एक युक्ती केली. संध्याकाळी सहाला जुना हिंदी सिनेमा लावायचा आणि सिनेमा संपेपर्यंत चेंडू हातात ठेवायचा. बाबा सिनेमावेडे, त्यामुळे हे त्यांनी लगेच मान्य केलं. आई शेजारी खाली बसून भाजी निवडायची. तिचं लक्ष निम्मं ताटात, निम्मं पडद्यावर. लग्नापासून ती सिनेमा असाच बघत आली आहे.

पहिल्याच आठवड्यात बाबांची एक खोड माझ्या लक्षात आली. मध्येच डाव्या हाताने रिमोट दाबून चित्र थांबवायचे आणि म्हणायचे, "आता हात बघ." जीभ जड झाली होती, पण हे तीन शब्द स्वच्छ यायचे.

'दो बिघा जमीन' (१९५३) मी आधी दोनदा पाहिला होता. शंभू कर्ज फेडायला कलकत्त्याला जातो, रिक्षा ओढतो, हे सगळं माहीत होतं. पण बलराज साहनींचे हात मी पाहिले नव्हते. गावातला शंभू बोलताना हात मोकळे सोडतो. शहरात आल्यावर तेच हात अंगाशी येतात, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने. रिक्षाचे दांडे धरल्यावर तर खांदे, कोपर, मनगट सगळं एका रेषेत जातं, बैलाच्या मानेवर जू आल्यासारखं. साहनी लंडनला बीबीसीत काम केलेला, शांतिनिकेतनात शिकवलेला माणूस. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की या भूमिकेने त्यांना धडकी भरली होती. मग कलकत्त्यात एक बिहारी रिक्षावाला भेटला. त्याची दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण पडली होती. सिनेमाची गोष्ट तो जगतच होता. तेव्हापासून साहनींनी अभिनयाचा विचार सोडला आणि त्या माणसाला आपल्यात घेतलं.

शेवट आठवतोय ना? जमिनीवर कारखाना उभा राहतोय. शंभू कुंपणाबाहेरून हात घालून मूठभर माती उचलतो. रखवालदार दटावतो. मूठ उघडते, माती खाली पडते. बाबांनी तिथे चित्र थांबवलं आणि बराच वेळ पुढे जाऊ दिलं नाही. त्यांच्या मुठीत चेंडू होता.

त्या संध्याकाळपासून मी हिंदी सिनेमा वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. आपल्याला काही नट आयुष्यभर का आवडतात? देखणे असतात, आवाज असतो, गाणी असतात, हे सगळं खरंच आहे. पण ज्यांच्यामुळे वाईट दिवसांत उभं राहावंसं वाटलं, त्यांचा चेहरा आठवायला गेले की मला त्यांचे हात आठवतात.

'सुजाता' (१९५९) मधलं टेलिफोनवरचं गाणं घ्या. गातोय सुनील दत्त, आवाज तलत महमूदचा. नूतनला त्यात काहीही करायचं नाही. तिने फक्त रिसीव्हर धरायचा आहे. ती तो कसा धरते ते बघा. आधी निरोप घ्यायला धरावा तसा, मग घट्ट, मग दोन्ही हातांनी, जणू त्यातून काही सांडेल. जातीमुळे ज्या मुलीला घरात 'मुलीसारखी' म्हणतात, 'मुलगी' म्हणत नाहीत, तिला कुणीतरी आपलं म्हणतंय. हे सगळं काळ्या रिसीव्हरभोवतीच्या बोटांत आहे.

आणि 'बंदिनी' (१९६३). नूतनची कल्याणी विष देते, त्याआधीचा तो प्रसंग. बाहेर लोखंडावर घण पडताहेत, वेल्डिंगचा झगझगीत उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. कल्याणी काही बोलत नाही. बिमल रॉयनी त्या जागी संवाद घातला असता तर आज कुणी त्याबद्दल बोललंही नसतं. नूतनला उत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर पाच वेळा मिळालं : 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी', 'मिलन', 'मैं तुलसी तेरे आंगन की'. शोभना समर्थांची मुलगी, म्हणून आपल्याला ती घरचीही वाटते. पण मला ती जवळची वाटते ती तिच्यातल्या ताठपणामुळे. तिच्या नायिका रडतात, पण मोडत नाहीत.

माझ्यापुरतं सांगायचं तर प्रेरणा देणारा सिनेमा म्हणजे ज्यात माणूस हरतो आणि तरी हातातलं काम सोडत नाही, तो. बाबांच्या शेवटच्या सात महिन्यांत आम्ही असे खूप सिनेमे पाहिले. सगळे इथे लिहीत नाही. तुम्ही लिहा. तुमचा नट, तुमची नटी, तुमचा सिनेमा. जमलं तर तो एक प्रसंग सांगा जिथे तुम्ही चित्र थांबवाल.

प्रतिसाद १

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो. तोवर एकच : 'सारांश'.

प्रतिसाद २

ताई, फार सुंदर लिहिलंय. बाबांना नमस्कार.

हातांचा विषय निघालाच आहे तर दिलीपकुमार आलेच पाहिजेत. 'कोहिनूर' (१९६०) मधलं 'मधुबन में राधिका नाचे रे'. त्या गाण्यात सतारीवरची बोटं जवळून दिसणार होती, म्हणून दिलीपसाहेब सतार शिकले. वादन उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँचं आहे, पण सिनेमात बोटं सतारीच्या पडद्यांवर नेमकी पडतात. मी स्वतः पंधरा वर्षं सतार वाजवतो, म्हणून सांगतो, नुसता हात हलवणारा नट आम्हाला दोन सेकंदांत कळतो. मिंड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाताना, तार खेचली की मनगटाला ताण येतो. तो ताण दिलीपकुमारांच्या हातात आहे. एका गाण्यासाठी माणूस महिनोन् महिने बोटं फोडून घेतो, हीच माझ्यासाठी प्रेरणा. रियाज नको वाटतो तेव्हा मी ते गाणं लावतो.

प्रतिसाद ३

+१. आणि 'मशाल' (१९८४) मधला रात्रीच्या रस्त्यावरचा प्रसंग. वहिदा वेदनेने तळमळतेय आणि दिलीपकुमार रिकाम्या रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांपुढे हात पसरतोय. कुणी थांबत नाही. सिनेमा वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' वरून घेतलेला, हे पुष्कळ मराठी लोकांनाही माहीत नसतं. माझ्या वडिलांनी पणशीकर आणि घाणेकरांचं ते नाटक पाहिलं होतं, त्यामुळे आमच्या घरी दोन्हींची तुलना कायम चालायची. आई नाटकाच्या बाजूने, मी सिनेमाच्या. त्या एका प्रसंगाला मात्र आई गप्प बसायची.

प्रतिसाद ४

रात्री लिहितो म्हणालो होतो, लिहितोय. (वरचा पहिला प्रतिसाद माझा.)

'सारांश' (१९८४). बी. व्ही. प्रधान, शिवाजी पार्कला राहणारे निवृत्त मराठी मास्तर. मुलगा न्यूयॉर्कला लुटारूंच्या हातून मारला गेलाय. त्याच्या अस्थी आल्यात आणि त्या सोडवायला म्हातारा कस्टमच्या कचेरीत खेटे घालतोय. टीव्ही-फ्रिज सोडवायला आलेल्यांच्या रांगेत. तिथे एका क्षणी त्याचा बांध फुटतो आणि तो ओरडून सांगतो की मी वस्तू न्यायला आलेलो नाही, पोराची राख न्यायला आलोय.

अनुपम खेर तेव्हा २८ वर्षांचे होते. अठ्ठावीस! रोहिणी हट्टंगडीही तिशीतल्याच, त्याच्या दोन वर्षं आधी 'गांधी'त कस्तुरबा झालेल्या. समोर निळू फुले, गजानन चित्रे या पुढाऱ्याच्या भूमिकेत. निळूभाऊंना हिंदीत फार थोड्या भूमिका मिळाल्या, पण ही एक बघा. आवाज न चढवता माणूस किती भीती घालू शकतो!

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. भावाचं अपघाती निधन झाल्यानंतर एका कचेरीत आम्हाला एका कागदासाठी अकरा वेळा जावं लागलं. अकराव्या वेळी मी टेबलावर हात आपटला. घरी आलो आणि लाज वाटली. त्या रात्री 'सारांश' पाहिला. प्रधान मास्तरही ओरडतात, मग रडतात आणि मग उठून घरी जाऊन बायकोला चहा विचारावा तसे पुन्हा जगायला लागतात. माझी लाज गेली. कुणी समजूत घालून ती गेली नसती.

शेवटी सकाळच्या बागेत ते बायकोला, पार्वतीला, म्हणतात की तुझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत माझ्या आयुष्याचा सारांश आहे. मी चित्र तिथे थांबवेन.

प्रतिसाद ५

जरा वेगळं मत मांडू का? राग मानू नका.

धागा वाचून गलबलून आलं, पण हरणारी माणसंच प्रेरणा देतात असं नाही हो. माझ्या आईने चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच मुलं वाढवली. तिला रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर शम्मी कपूर लागला की तिचा चेहरा फुलायचा. शम्मी हरत नाही, रडत नाही, बर्फावरून घसरत येतो आणि 'याहू' ओरडतो. देव आनंद मान तिरकी करून दोन्ही हात सैल सोडून चालत येतो. राजेश खन्ना 'आराधना'त (१९६९) उघड्या जीपमधून गात येतो आणि गाडीच्या खिडकीतली मुलगी पुस्तकामागून बघते. आईला त्या तीन तासांत जे मिळायचं तेही बळच होतं. सोमवारी पहाटे साडेचारला ती पाण्याच्या रांगेत गुणगुणत उभी राहायची. मी पाहिलंय.

आपण रसिक मंडळी दुःखाला फार मान देतो. आनंद देणाऱ्या नटालाही तेवढाच मान द्या, एवढंच म्हणणं.

धागालेखिका

@प्रतिसाद ५ : राग कसला. तुमचं बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. बाबांनाही देव आनंद लागायचा. 'हम दोनो' मधलं लायटरचं गाणं लागलं की आजारी हाताची बोटंसुद्धा हलायला बघायची. पाण्याच्या रांगेतल्या तुमच्या आई डोळ्यांसमोर आल्या. माझं वाक्य मी दुरुस्त करते : हरणारी माणसं हे माझं वेड आहे, ते सगळ्यांचं असायला हवं असं नाही.

@प्रतिसाद ४ : दादा, काय लिहू. टेबलावर हात आपटलात ते चांगलं केलंत.

प्रतिसाद ६

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. हातांवरचा धागा आणि 'कोशिश' (१९७२) चं नाव अजून आलं नाही!

संजीव कुमार आणि जया भादुरी, दोघंही ऐकू-बोलू न शकणारे. गुलजारांनी हा सिनेमा केला तेव्हा आपल्याकडे अशा माणसांना पडद्यावर एक तर विनोदासाठी आणायचे किंवा कीव करायला. 'कोशिश' मधला हरिचरण बूटपॉलिश करतो, घर मांडतो, भांडतो, चिडतो, बायकोला हसवतो. पहिलं मूल जातं. दुसरं होतं, तेव्हा दोघं त्याच्यापाशी खुळखुळा हलवून बघतात. बाळ ढिम्म. आपलं मूलही आपल्यासारखंच, या भीतीने दोघं डॉक्टरकडे धावतात आणि कळतं की खुळखुळ्यातच आवाज नाही. त्या क्षणी संजीव कुमारचे हात बघा. हलवणारा हात थांबतो, मग पुन्हा हलवतो, जणू हाताचाच विश्वास बसत नाही. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट आमच्या कामातली सांगते. ऐकू येणाऱ्यांना वाटतं खुणांची भाषा म्हणजे नुसते हात. आमची मुलं आधी चेहरा बघतात. भुवई वर गेली तर तीच खूण प्रश्न होते. संजीव कुमारनी हे ओळखलं होतं. त्यांच्या भुवया हातांच्या बरोबरीने बोलतात. आमच्या मुलांना सिनेमा दाखवला तेव्हा मला काही समजवावं लागलं नाही, उलट तीच मला मधूनमधून सांगत होती.

'इकबाल' (२००५) आमच्या शाळेत दर वर्षी लावतो. श्रेयस तळपदेला अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही. वेगवान गोलंदाज व्हायचं स्वप्न बघणारा मुलगा, त्याचं जगाशी बोलणं करून देणारी धाकटी बहीण आणि दारूत बुडालेला प्रशिक्षक नसीरुद्दीन शाह. एका मुलाने पहिल्यांदा बघितल्यावर मला खुणेने विचारलं, "हा खरंच आपल्यातला आहे का?" मी नाही म्हटलं. त्याने थोडा विचार केला आणि खूण केली, "पण चांगला शिकलाय."

प्रतिसाद ७

शेवटचं वाक्य! वाचनखूण साठवली.

प्रतिसाद ८

संजीव कुमारचा विषय निघालाय तर ठाकूर बलदेवसिंग. हातांनी एवढं बोलणारा नट 'शोले'त हातांशिवाय उभा आहे. होळीच्या दिवशी गब्बरचा हल्ला होतो, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली, तो उचलून देत नाही. जय-वीरूला संताप येतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला पण येतो. मग कहाणी उलगडते, शेवटी वाऱ्याने शाल उडते. तोवरचा अर्धा सिनेमा संजीव कुमारने फक्त मान, खांदे आणि नजर यांवर तोललेला असतो. आता पुन्हा बघताना मी आधीच्या प्रसंगांतही शालीकडेच बघतो.

दुसरं, बच्चनसाहेबांचं. 'शराबी'च्या वेळी फटाक्याने त्यांचा डावा हात भाजला होता. चित्रीकरण अडू नये म्हणून तो हात खिशात घालून किंवा रुमाल गुंडाळून काम केलं आणि लोकांनी ती स्टाइल म्हणून उचलली. आमच्या कॉलेजात निम्मी पोरं डावा हात खिशात घालून फिरायची, मीही त्यातलाच. त्यामागे भाजलेला हात होता हे कळल्यावर माझा त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला.

प्रतिसाद ९

मी आटपाडी तालुक्यातला. 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) चं नाव निघेल म्हणून वाट बघत होतो. नावातच हात आहेत!

व्ही. शांतारामांचा हा सिनेमा आमच्या मातीतला आहे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुल्या तुरुंगाचा प्रयोग केला होता. खुनाची शिक्षा झालेले कैदी, पण भिंती नाहीत, गज नाहीत. माळरान फोडायचं, शेती करायची, विश्वासावर राहायचं. ती वसाहत आजही आहे. कथा लिहिणारे गदिमा माडगूळचे, म्हणजे याच तालुक्यातले. तेव्हा त्यांना ही गोष्ट कुठून शोधून आणावी लागली नसेल.

सिनेमात जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना माळावर घेऊन येतो. ज्या हातांनी खून केले त्या बारा हातांत तो कुदळ देतो. आमच्या भागातला माळ ज्याने पाहिलाय त्याला ते काम काय आहे हे कळेल. पाऊस कमी, वर खडक. माझे आजोबा म्हणायचे, आपल्याकडे बी पेरायच्या आधी घाम पेरावा लागतो. पडद्यावर पहिल्यांदा हिरवं पीक दिसतं तेव्हा आमच्या गावातली म्हातारी माणसं टाळ्या वाजवायची. मी लहानपणी गणपतीत रस्त्यावर पडदा लावून पाहिला. समोर जागा मिळाली नाही म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूने. त्यामुळे माझ्या डोक्यात कैदी अजूनही डावखुरे आहेत.

बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' पुढे कित्येक शाळांची प्रार्थना झाली. भरत व्यास, वसंत देसाई, लताबाई. आमच्या शाळेतही होती. म्हणताना आम्हा पोरांना अभिमान वाटायचा की हे आपल्या माळावरचं गाणं आहे.

प्रतिसाद १०

डावखुरे कैदी मनात राहतील आता.

मी वाईची, म्हणून 'स्वदेस' (२००४) माझा. सिनेमातलं चरणपूर म्हणजे आमचं मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याचं आणि कृष्णेच्या घाटाचं. तेव्हा फारसा चालला नाही सिनेमा. आज माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत तो वर्षातून एकदा लागतो.

शाहरुख खानचे हात पसरून उभं राहणं जगभर प्रसिद्ध आहे. 'स्वदेस'मध्ये ते हात तो एकदाही तसे पसरत नाही. (माझ्या आठवणीप्रमाणे तरी. चुकत असेन तर सांगा.) नासातला मोहन भार्गव गावात आल्यापासून बाटलीतलं पाणी पितो. मग एका गरीब विणकराचं घर बघून परत येताना गाडी स्टेशनवर थांबते. एक पोरगा पळत पळत पाणी विकतोय, पंचवीस पैशाला. मोहन मातीचं कुल्हड हातात घेतो, बघतो आणि पितो. संवाद नाही, भाषण नाही. डोळ्यांत पाणी येतं ते त्यालाच नीट कळत नाही.

माझा नवरा परदेशातून परत आला त्यात या सिनेमाचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही. त्याने तिकिटं काढली त्या आठवड्यात तो सिनेमा तीनदा पाहिला होता, एवढं नक्की.

प्रतिसाद ११

ललिता पवारांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

येवल्याच्या. मूकपटांपासून काम, नायिका म्हणून नाव झालेलं. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. तडाखा जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचा चेहराच गेला म्हणा ना. वर्षं गेली उपचारांत. बाई परत आल्या आणि त्याच डोळ्यावर चाळीस-पन्नास वर्षं काम केलं. खाष्ट सासू, मंथरा, सगळ्या देशाने त्यांचा राग राग केला.

पण 'श्री ४२०' (१९५५) मधली केळेवाली बघा. दोन आण्याला तीन की तीन आण्याला दोन, असा घोळ घालणाऱ्या राजला ती आधी दटावते आणि मग केळी देते. 'अनाडी' (१९५९) मधली मिसेस डिसा, जिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. 'आनंद'मधली मेट्रन, तीही डिसाच. आनंदला इंजेक्शनं देता देता ती त्याची आई होऊन जाते. तोच डोळा तिथे मायेचा दिसतो. हे कसं केलं असेल बाईंनी?

माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर लहानपणी भाजल्याचा डाग आहे. ती बारा वर्षांची असताना शाळेत नाटकात काम मागायला गेली आणि रडत परत आली. मी तिला ललिता पवारांची गोष्ट सांगितली आणि 'अनाडी' लावला. ती आज नाटकांची प्रकाशयोजना करते. रंगमंचावर गेलीच शेवटी, तिच्या वाटेने.

प्रतिसाद १२

ताई, लेकीला शाब्बासकी सांगा.

मी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते, म्हणून श्रीदेवी आणि 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२). पुण्याची शशी गोडबोले, लाडू करून विकणारी. गौरी शिंदेंनी स्वतःच्या आईवरून ही गोष्ट बेतली, त्या लोणच्यांचा व्यवसाय करायच्या. श्रीदेवी पंधरा वर्षांनी मोठ्या पडद्यावर परत आली आणि नाच, चमकधमक काही न घेता साध्या साडीत आली.

लग्नाच्या दिवशी वळून ठेवलेले लाडू सांडतात. त्याच वेळी तिची इंग्रजीची परीक्षा आहे. सगळे म्हणतात, विकतचे आणू. ती परीक्षा सोडते आणि पुन्हा लाडू करायला बसते. माझ्या मैत्रिणींना तो प्रसंग पटत नाही, परीक्षा द्यायला हवी होती म्हणतात. मला पूर्ण पटतो. लाडू ही तिची विद्या आहे. दुसरी विद्या मिळवायला पहिली टाकायची नसते. लाडू वळणारीला विचारा, पाक हातचा गेला की कसं होतं ते.

प्रतिसाद १३

स्मिता पाटील राहिली. 'मिर्च मसाला' १९८७ मध्ये पडद्यावर आला तेव्हा ती नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला ३१ व्या वर्षी गेली. शेवटी बायका सुभेदारावर मिरचीची पूड फेकतात आणि सोनबाई हातात विळा घेऊन उभी असते. मी चित्र तिथे थांबवेन. अधिक लिहवत नाही.

प्रतिसाद १४

माझ्या आईला मागच्या महिन्यात झटका आला. डावी बाजू. चेंडू दिलाय, पण ती घेत नाही. आज संध्याकाळी 'चितचोर' लावून बघतो. तिला अमोल पालेकर आवडतो. धागालेखिका ताई, किती दिवसांनी फरक दिसला होता?

धागालेखिका

@प्रतिसाद १४ : दादा, प्रत्येकाचं वेगळं असतं, डॉक्टरांना विचारूनच करा. आमच्याकडे पाचव्या महिन्यात बाबांचा अंगठा तर्जनीला टेकला. त्या दिवशी 'छोटी सी बात' लागला होता, म्हणजे पालेकरच! अशोक कुमार त्याला खंडाळ्यात धीट व्हायचे धडे देतात तो भाग. बाबांनी चेंडू खाली ठेवला आणि अंगठा-तर्जनीची चिमूट करून मला दाखवली. खिळा उचलायची चिमूट. पुढे तिसऱ्या महिन्यात ते गेले, ते हृदयाच्या झटक्याने. हात शेवटपर्यंत सुधारत होता. आईंना माझा नमस्कार सांगा आणि सिनेमा मोठ्या आवाजात लावा.

@प्रतिसाद ६ : बाई, 'कोशिश' आमचा राहिला होता. बाबांच्या यादीत होता, पण मिळाला नव्हता. तुमचा प्रतिसाद वाचून शोधला आणि काल आईबरोबर पाहिला.

सहाला लावला. आई नेहमीसारखी मेथीची जुडी, ताट आणि चाळणी घेऊन खाली बसली. पहिली दहा मिनिटं निवडत होती. मग हात थांबले. खुळखुळ्याच्या प्रसंगाला तिने माझ्याकडे न बघता रिमोट मागितला. तिला तो चालवता येत नाही, म्हणून मीच चित्र थांबवलं. संजीव कुमारचा हात हवेत राहिला. आई बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लाव पुढे."

सिनेमा संपला तेव्हा साडेआठ झाले होते. जुडी तशीच ताटात होती, वरची पानं मलूल झालेली. रात्री पिठलं-भात केला.